पहिली थाळी

नवतारा सर्कशीत जेवणाची एक पद्धत होती. पोस्टरवर ज्याचं चित्र सर्वांत मोठं, त्याची थाळी पहिली. ही पद्धत माणसांना लागू होती तशीच जनावरांनाही. झुल्यावरची मुलगी गाजत असेल तर तव्यावरची पहिली पोळी तिची. वाघ गाजत असेल तर खाटकाकडून आलेला पहिला तुकडा वाघाचा. शेवटची काही वर्षं पोस्टरवर सर्वांत मोठं चित्र चमेलीचं होतं. उल्हासनगरच्या शिंप्याने शिवलेला लाल फ्रॉक, छोटी सायकल आणि सगळे दात दाखवून हसणारा चेहरा. चमेली ही चिंपांझीची मादी. सर्कस बंद पडली तरी तिची थाळी पहिलीच राहिली.

सर्कस बंद पडली १९९३च्या दिवाळीनंतर. मालक वारले, मुलांचं आपसांत पटलं नाही, आणि उल्हासनगरच्या मैदानातून उतरलेला तंबू पुन्हा कुठेच चढला नाही. घोडे माथेरानला गेले. हत्तीण एका मठाने नेली. माणसं आपापल्या गावी पांगली. उरले चार चिंपांझी. त्यांना घेणारं कुणी भेटलं नव्हतं. मॅनेजर दौलतरावांच्या मेव्हण्याने अंबरनाथला, मोरिवलीत, रंगाच्या एका बंद कारखान्याची शेड मिळवून दिली. तिथे दोन पिंजरे एकमेकांना लागून उभे केले. मध्ये जाळी, आणि जाळीत एक सरकतं दार. दाराला कुलूप.

मोठ्या पिंजऱ्यात तिघं होती. बादशहा हा थोराड नर, छातीने माणसाच्या दीडपट. जॅकी हा तरुण नर, बादशहा करील ते करणारा. आणि मुन्नी ही म्हातारी मादी, जिच्या पाठीवरचे केस पांढुरके झाले होते. ही तिघं सर्कशीत बँड वाजवायचा खेळ करत आणि पहिल्यापासून एकत्र राहत. छोट्या पिंजऱ्यात चमेली एकटी. एकटी म्हणजे हरिचंद्रबरोबर.

हरिचंद्र तासगावकडचा. सर्कशीत त्याला सगळे मास्तर म्हणत. चमेली त्याच्याकडे आली तेव्हा बाटलीतून दूध पीत होती. ती त्याच्याच खाटेवर मोठी झाली, त्याच्याच ताटात जेवली. दुपारी तो आडवा झाला की ती त्याचा हात मांडीवर घ्यायची आणि हातावरचे केस एकेक बाजूला सारत बसायची. ते करताना ओठांचा चपचप आवाज करायची. हरिचंद्र त्याला 'चमेलीची मालिश' म्हणायचा आणि त्यातच त्याला डोळा लागायचा.

जानेवारीत डॉक्टर मालिनी गद्रे आल्या. दक्षिणेतल्या एका प्राणिसंग्रहालयाने चिंपांझींसाठी पाण्याने वेढलेली मोठी जागा तयार केली होती. झाडं होती, रात्रीची घरं होती, जनावरं नव्हती. डॉक्टर तिशीच्या पुढच्या, बोलायला कमी. पिंजऱ्यांसमोर स्टूल टाकून त्या बराच वेळ नुसत्या पाहत राहिल्या. दौलतरावांनी मागवलेला चहा निवून गेला.

"नेऊ आम्ही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण चौघं एकत्र राहायला हवेत. आमच्याकडे जागा एकच आहे. एकाला बाजूला ठेवायची सोय नाही."

"तिघं राहतातच की मॅडम," दौलतराव म्हणाले. "चौथी पण राहील. ती कुठं जातीय?"

"हे बादशहाला विचारून सांगा."

दौलतराव हसले. हरिचंद्र हसला नाही. नागपूरच्या मुक्कामात जाळीतून केळं देणाऱ्या एका रखवालदाराची दोन बोटं बादशहाने तोडली होती. ती बोटं भुशातून उचलणारा हरिचंद्रच होता.

"नाय जमलं तर?" त्याने विचारलं.

"तर तिघांना नेऊ."

ट्रक शिवरात्रीआधी निघायला हवा होता. शिवमंदिराची जत्रा भरली की त्या बाजूने मोठी गाडी काढायची सोय राहत नाही.

दुसरं गिऱ्हाईक त्याच आठवड्यात आलं. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रघुशेठचं हॉटेल होतं. मुंबईची माणसं पावसाळ्यात तिथे येत; इतर दिवसांतही यावीत म्हणून त्याला काहीतरी हवं होतं. तो जीपमधून उतरला आणि सरळ चमेलीच्या पिंजऱ्यापाशी गेला.

"हीच का ती पोस्टरवाली? हसवा जरा, मास्तर."

हरिचंद्रने दोन बोटं वर केली. चमेलीने ओठ मागे ओढून सगळे दात दाखवले.

"आयला, एक नंबर!" रघुशेठने टाळी वाजवली. "कस्टमर पागल होणार. बाकीचे ते राक्षस नकोत मला, ही एकटी पायजे. गार्डनमध्ये पिंजरा बांधतो, टाइल्स लावून. आणि मास्तर, तुम्ही पण चला. खोली देतो, जेवण हॉटेलचं. तुमच्याशिवाय ही हसणार कोणाला?"

तो गेल्यावर दौलतराव म्हणाले, "वाईट नाही मास्तर. दोघांचंही भागतंय."

हरिचंद्र चमेलीच्या हातांकडे बघत होता. त्याच्या उस्तादांकडे लैला नावाची मादी होती. उस्ताद गेले तेव्हा लैला एकटी पडली. खायला दिलं की खायची, पण दिवसभर पुढे-मागे डुलत बसायची आणि स्वतःच्या हातावरचे केस उपटायची. हात कोपरापर्यंत उघडे पडले होते. शेवटी तिने केस सोडून कातडीला हात घातला. हरिचंद्र तेव्हा जवान होता. तो तिला औषध लावायचा. चिंपांझी पन्नास वर्षंही जगतो हे त्याला माहीत होतं. चमेली आता दहाच्या पुढची होती. तो पन्नाशीच्या पुढचा. रघुशेठच्या बागेत तो तिच्याजवळ राहिला असता, पण जितका जगेल तितकाच.

दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांना सांगितलं, "करून बघू."

करून बघायचं म्हणजे आधी जाळीतून ओळख. जाळीवर बांधलेलं गोणपाट काढलं. चमेलीने तिघांना पाहिलं आणि ती हरिचंद्रच्या पायाला बिलगली. बादशहाच्या अंगावरचे केस उभे राहिले. तो मागच्या दोन पायांवर उठला, डुलला, आणि पिंजऱ्यातलं टायर ओढत नेऊन त्याने पत्र्यावर आदळलं. शेड दणाणली. बाजूच्या कारखान्यातले कामगार कुंपणापाशी गोळा झाले. जॅकीनेही टायर आपटून पाहिलं. मुन्नी पाठ करून बसून राहिली.

आठवडा गेला तरी तेच. उलट वाढतच गेलं. विशेषतः जेवणाच्या वेळी. थाळ्यांचा आवाज आला की बादशहा जाळीशी येऊन उभा राहायचा, तोंडात पाणी भरून चमेलीवर फवारा मारायचा. एकदा तर त्याने जाळीतून तिचा अंगठा धरला होता. हरिचंद्रने बादलीने जाळी बडवली तेव्हा सुटला. नख निघालं होतं.

"मास्तर, तुमची लेक काय सासरी नांदत नाय," तानी म्हणाली. तानी बारवीकडच्या वाडीतली. रोज सकाळी उंबराच्या फांद्यांचा भारा घेऊन यायची, जनावरांना घालायची आणि शेड झाडून जायची. "आन् सासराबी कसला, रेडा हाय निस्ता."

"तू झाड गं."

"झाडतेच हाय. तुमीच उभं ऱ्हाताव मधी."

डॉक्टर स्टुलावर होत्या. त्यांनी मान वर केली. हरिचंद्र खरोखरच दोन पिंजऱ्यांसमोर अगदी मधोमध उभा होता, हातात चमेलीची थाळी. भात, उकडलेलं अंडं, उल्हासनगरच्या फळवाल्याने दिलेली पिकून काळी पडलेली केळी. तिघांच्या थाळ्या मागे जमिनीवर होत्या.

"रोज पहिलं हिलाच देता?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो. स्टार आहे ती."

"त्याच्यासमोर?"

"मग काय पडद्याआड? पहिल्यापासून तसंच आहे, मॅडम. सर्कशीचा रिवाज आहे."

"मास्तर, थाळी खाली ठेवा." त्या उठून जवळ आल्या. "तो काय बघतो सांगू? एक नवखी मादी येते. त्याच्या आधी खाते. तेही त्याच्या डोळ्यांसमोर. आणि तिच्या बाजूने एक माणूस बादली घेऊन उभा असतो. त्यांच्यात पहिल्यांदा खाणं म्हणजे मोठं असणं. तुम्ही दिवसातून दोनदा त्याला सांगताय की ही तुझ्या वरची आहे."

हरिचंद्रने थाळीकडे पाहिलं. "एवढं कळतं त्याला?"

"त्याला तेवढंच कळतं. तो दिवसभर दुसरं काही मोजतच नाही. कोण कुणाशेजारी बसलं, कुणी कुणाचे केस साफ केले, मारामारी झाली तर कोण कुणासाठी धावलं. जॅकी त्याच्या बाजूचा का आहे? तो रोज सकाळी त्याची पाठ साफ करतो म्हणून. आणि बादशहा एवढा दांडगा असून मुन्नी ओरडली की थांबतो. पाहिलंत?"

ते हरिचंद्रने पाहिलं होतं. बँडच्या खेळात बादशहा बिथरला की मुन्नीला त्याच्या शेजारी बसवायचे. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

"म्हणजे म्हातारीला पटवायचं," दौलतराव म्हणाले. "आमच्या युनियनमध्ये पण असंच होतं."

"तसंच समजा. मुन्नीने हिला जवळ घेतलं तर बादशहा फार ताणणार नाही. पण ते तिने स्वतःहून करायला हवं, आणि मास्तर मध्ये असताना ती करणार नाही. तिला कशाला हवी माणसाशी कटकट?"

हरिचंद्रने बादशहाची थाळी उचलली. त्याला ती जड वाटली. त्याने ती मोठ्या पिंजऱ्याच्या झडपेतून आत सरकवली. मग मुन्नीची, मग जॅकीची. चमेलीने आधी हात पुढे केला. मग ती उठून जाळी हलवायला लागली. मग किंचाळली, आणि जमिनीवर पडून पाय आपटू लागली. तिची थाळी शेवटी आत गेली तेव्हा तिने ती उलटी करून भिंतीवर फेकली. भात पत्र्यावर चिकटला.

बादशहा जेवत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो जाळीशी आला नाही.

त्या दुपारी डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट विचारली. जॅकीने टायर ओढलं, आणि चमेली हरिचंद्रकडे पाहून हसली. पोस्टरवरचं, सगळे दात दाखवणारं हसू.

"हे तुम्ही कसं शिकवलंत?"

"दोन बोटं दाखवायची."

"ते आता. पहिल्यांदा?"

"छडी दाखवायची. छडी वर केली की ती दात काढायची. मग केळं द्यायचं. मग छडी काढून टाकली, बोटं ठेवली."

"मारायचात?"

"नाय. दाखवायचो नुसती."

डॉक्टरांनी सांभाळून शब्द निवडले. "ते हसू नाहीये, मास्तर. चिंपांझी घाबरला की असे दात दाखवतो. खेळात असला, खुशीत असला, तर तोंड उघडं टाकतो, वरचे दात झाकलेलेच असतात."

"पब्लिक एवढी वर्षं टाळ्या वाजवतंय."

"पब्लिकला काय माहीत?"

हरिचंद्रने जाळीकडे पाहिलं. चमेली अजून दात दाखवत होती, आणि तो बघतोय म्हणून जास्तच दाखवत होती. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

संध्याकाळी त्याने खाट शेडबाहेर, तानीच्या फांद्यांच्या भाऱ्यांपाशी हलवली. दिवसा आत थांबणं बंद केलं. थाळ्या आत सरकवायच्या, बादशहापासून सुरुवात, आणि बाहेर यायचं. पहिले दोन दिवस चमेली ओरडत राहिली. नंतर ओरडली नाही; कोपऱ्यात बसून पुढे-मागे डुलायला लागली. हरिचंद्रने ते पत्र्याच्या फटीतून पाहिलं आणि तो तडक दौलतरावांच्या टेबलापाशी गेला.

"रघुशेठला फोन लावा."

"आता?"

"डुलतीय ती. लैला अशीच डुलायची. आता नख गेलं, उद्या केस उपटेल."

दौलतरावांनी फोनचा रिसीव्हर उचलला, ठेवला. "मास्तर, मला काय. मी कुणालाही देईन. पण डॉक्टरीणबाईंना सांगून मग लावू."

डॉक्टर आतून बाहेर आल्या. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि हरिचंद्रला फटीपाशी नेलं.

मुन्नी जाळीला पाठ टेकून बसली होती. रोजचीच जागा. चमेली पलीकडे होती, डुलायची थांबली होती. तिने एक बोट जाळीतून घातलं. मुन्नीच्या पाठीवरचे पांढुरके केस एका बाजूला सारले. थांबली. पुन्हा सारले. मग दुसरं बोट. तिच्या ओठांचा चपचप आवाज बाहेर ऐकू आला. हरिचंद्रला तो आवाज हातावर जाणवला.

"तिला येतं हे," डॉक्टर कुजबुजल्या. "आतापर्यंत फक्त तुमच्यावर केलंय, एवढंच."

बादशहा वरच्या फळीवरून गुरगुरला. मुन्नी उठली आणि लांब जाऊन बसली. चमेलीची बोटं जाळीतच राहिली.

रघुशेठला फोन गेला नाही. पण तो मोटरसायकलवर माणूस पाठवून विचारत राहिला, आणि जत्रेचे मांडव शिवमंदिराच्या रस्त्याला पडायला लागले. डॉक्टरांना आणखी महिना हवा होता. तो मिळणार नव्हता. त्यांनी दार उघडायचं ठरवलं.

त्या सकाळी शेडमध्ये माणसं चौघंच होती. दौलतरावांच्या हातात पत्र्याचा डबा आणि काठी; वेळ आलीच तर आवाज करून बादशहाचं लक्ष तोडायला. तानीच्या हातात पाण्याचा पाइप. डॉक्टर दाराच्या साखळीपाशी.

"मास्तर बाहेर थांबले तर बरं," त्या म्हणाल्या.

"मी आत थांबणार."

"ती तुमच्याकडे येईल. हात पुढे करील. त्यांच्यात हात पुढे करणं म्हणजे माझ्या बाजूने ये म्हणून बोलावणं. तुम्ही तो धरलात तर ती तुमच्या जोरावर बादशहाशी भांडेल, आणि पिंजऱ्यात ती एकटी असेल. तुम्ही बाहेर."

"पाठ करून बसतो. बघणार नाय."

डॉक्टरांनी त्याला थोडा वेळ निरखलं. मग मोठ्या पिंजऱ्याच्या जाळीला लागून असलेल्या बाकाकडे मान हलवली. तिथे बसलं की तोंड भिंतीकडे होतं.

साखळी ओढली. दार सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. हरिचंद्रच्या समोर भिंतीवर जुन्या कारखान्याची पाटी होती: 'धूम्रपान करू नये'. तो ती वाचत राहिला.

"गेली आत," तानी हळूच म्हणाली.

मग टायर. पत्र्यावर एकदा, दोनदा. बादशहाचा आवाज चढत गेला, हू-हू-हू, आणि शेवटी किंकाळीसारखा फुटला. पायांचा धपधप आवाज. चमेली किंचाळली.

"जॅकीनं तंगडी धरली," तानी म्हणाली. "ओढतोय. बाय बाय, फरफटवतोय."

तिने पाइप वर धरला. "पाणी मारू का, डाक्टरीणबाय?"

"थांब."

"दात लावंल ना तो!"

"थांब, तानी. अजून नाही."

दौलतरावांनी डबा वर उचलला होता. हरिचंद्रने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. पाठीमागे जाळी हादरली आणि काहीतरी जड तिच्यावर आदळलं. त्याच्या मानेवर गरम श्वास आला. जाळीतून चार बोटं बाहेर आली आणि त्यांनी त्याच्या शर्टाची कॉलर पकडली. अंगठ्याला नख नव्हतं.

ती त्याच्या कानाशी ओरडत होती. आजारी असताना, रेल्वेच्या डब्यात, वाघ डरकाळला तेव्हा, ती अशीच ओरडायची आणि तो तिला उचलून घ्यायचा. पाठीमागे बादशहाचे पाय थांबले होते. तो बघत होता. हरिचंद्रला ते न वळताही कळत होतं. बादशहा आणि त्याच्यामध्ये आता एकच गोष्ट ठरायची होती: चमेलीच्या बाजूने माणूस आहे की नाही.

"मास्तर," डॉक्टर म्हणाल्या.

त्याचा उजवा हात बाकावरून उठला. खांद्यापर्यंत गेला. तिच्या बोटांपासून एक वीतभर अंतरावर थांबला. मग त्याने तो खाली आणला आणि शर्टाचं वरचं बटण काढलं. त्याच्या खालचं काढलं. कॉलर ओढलेली होती म्हणून बटणं जड जात होती. शेवटचं तुटून जमिनीवर पडलं. त्याने एक खांदा बाहेर काढला, मग दुसरा, आणि पुढे वाकून शर्टातून निघाला. शर्ट जाळीवर तिच्या मुठीत राहिला. बनियनवर, मागे न पाहता, तो दारापर्यंत चालत गेला आणि बाहेर पडला.

बाहेर कारखान्यांचा दुपारी येणारा आंबूस वास सकाळीच सुटला होता. रस्त्यावरून मोरिवलीच्या बायका कामावर चालल्या होत्या. बनियनवरच्या माणसाकडे पाहून एकीने दुसरीला कोपरखळी मारली. आत किंकाळी चढली, तुटली, पुन्हा चढली. हरिचंद्र फांद्यांच्या भाऱ्यावर बसला. फटीपाशी जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, म्हणून तो भारा त्याने स्वतःच फटीपासून लांब ओढला.

मग आवाज बंद झाला.

ओरडण्यापेक्षा ते वाईट होतं. नागपूरलाही असंच झालं होतं. बोटं तुटल्यावर रखवालदार आधी गप्पच होता. हरिचंद्र उठला, बसला. कारखान्याचा भोंगा झाला. शिफ्टची माणसं आली आणि गेली.

तानी बाहेर आली तेव्हा तिची साडी गुडघ्यापर्यंत ओली होती.

"पाणी मारलंस?" त्याने विचारलं.

"नाय. पाइप हातातून सुटला माझ्या. मलाच भिजवलं."

"जिती हाय?"

"हाय ना. पायाला ओरखडा हाय जरा."

"रडतीय?"

"नाय." तानीने पदर पिळला. "त्यो रेडा आला जवळ. ही शर्टात तोंड घालून बसली, हूं का चूं नाय. मंग ती म्हातारी उठली. आली, बसली दोघांच्या मधी, आन् शर्ट बघाया लागली. बटणं उपटून बघितली, चावून बघितली. मंग शर्टावरून हिच्या हातावर आली. केस चिवडत बसली."

"आन् चमेली?"

"ती पण आता म्हातारीच्या उवा काढतेय. तुमच्या काढायची तशा."

"बादशहा?"

"शर्ट घेतलान् त्यानं. डोक्यावर टाकून बसलाय, नवरदेवावानी." ती हसली, मग त्याच्याकडे पाहून थांबली. "तुमाला शर्ट देऊ का मास्तर, आमच्या मालकाचा हाय पिशवीत? थंडी हाय."

"नको."

डॉक्टर संध्याकाळपर्यंत स्टुलावरून उठल्या नाहीत. एकदा जॅकीने चमेलीला पुन्हा ढकललं. मुन्नी भुंकल्यासारखी ओरडली, आणि बादशहाने जॅकीला टपली मारली. डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदा दौलतरावांचा चहा गरम असताना घेतला. रात्रीसाठी मधलं दार बंद करायचं नाही, असं त्या म्हणाल्या.

सकाळी थाळ्या न्यायची पाळी हरिचंद्रची होती. तो आत गेला. चौघं वरच्या फळीवर होती. चमेली मुन्नीला टेकून बसली होती, तिचा एक पाय मुन्नीच्या मांडीवर. तिने त्याला पाहिलं आणि उभी राहिली.

त्याने बादशहाची थाळी आत सरकवली. बादशहा खाली उतरला, थाळी घेऊन गेला. मुन्नीची. जॅकीची. शेवटी चमेलीची. ती फळीवरच उभी होती. तिने हरिचंद्रकडे पाहिलं, मग बादशहाच्या हातांकडे. बादशहाने पहिला घास तोंडात घातल्यावर ती खाली आली. जाळीपाशी आली. जाळीतून एक बोट बाहेर काढून तिने हरिचंद्रच्या मनगटावरचे केस एका बाजूला सारले, एकदाच. मग आपली थाळी उचलली आणि मुन्नीच्या शेजारी जाऊन बसली.

तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला. तिने पुन्हा पाहिलं नाही. तिच्या तोंडात अंडं होतं.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. रघुशेठ स्वतः आला होता, सोबत पिंजऱ्याचं माप घ्यायला गवंडी. दौलतराव त्यांना काहीतरी समजावत होते आणि रघुशेठ ऐकून घेत नव्हता.

"अहो, पण शब्द झालता आपला! मास्तर, तुम्ही सांगा यांना. कुठाय ती हसणारी?"

हरिचंद्रने रिकामी बादली दाराशी उपडी ठेवली.

"ती हसत नव्हती, शेठ," तो म्हणाला.